पोराला किती मिनिटं मिळाली, तेवढं छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर बार्सिलोनाच्या लामिन यमाल या फुटबॉलपटूवर अर्धं पान आलं होतं. माझ्या नातवानं ते कापून कपाटाच्या दाराला चिकटवलं. मागच्या बाजूचं माझं शब्दकोडं त्यात गेलं, पण तक्रार ती नाही.

लेख चांगला होता. सातव्या वर्षी बार्सिलोनाच्या ला मासिया या अकादमीत, पंधराव्या वर्षी, एप्रिल 2023 मध्ये, रिअल बेटिसविरुद्ध पहिल्या संघात, आणि सतरा पूर्ण व्हायच्या आत युरो 2024 च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सला तो डाव्या पायाचा गोल. सगळं बरोबर. फक्त शेवटी लेखकानं 'हे ला मासियाच्या संस्कारांचं फळ' असं लिहून विषय मिटवला, तिथं माझा चहा गार झाला. मी जन्मभर गोलरक्षक. गोल कुणी मारला यापेक्षा जागा कुठं सुटली होती, हे आधी बघायची सवय लागलीय.

यमालसाठी जागा कशी सुटली? बार्सिलोनावर एक अब्ज युरोंच्या वर कर्ज चढलं होतं. 2021 मध्ये मेस्सीला ठेवता आलं नाही. तो रडत गेला ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नवीन खेळाडू घ्यावा तर त्याची नोंदणी स्पेनची लीग अडवायची. मग त्यांच्या प्रशिक्षकांना आपल्याच परसात बघावं लागलं. गावी, बाल्दे, फर्मिन, कुबार्सी, यमाल ही सगळी पोरं त्या तीन-चार वर्षांत वर आली. घरातलं पीठ संपलं की डब्याच्या तळाच्या नाचणीची आठवण होते, तसं झालं. ला मासिया 1979 पासून चालू आहे. तेच जेवण, तेच गुरुजी, तेच संस्कार घेऊन बाहेर पडलेली आणि कुणालाच न दिसलेली पोरं यमालसारख्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांना दार उघडं मिळालं नाही.

दार कसं उघडतं, एवढ्याबद्दलच मला लिहायचंय. पत्र लांबेल. कात्री तुमच्या हातात आहे.

आमच्या वेळी कोल्हापुरात अकादमी हा शब्द पेठेत कुणाला ठाऊक नव्हता. तालीम होती. खालच्या खोलीत माती आणि हनुमान, वरच्या खोलीत जर्सीचं गाठोडं आणि चार बॉल, त्यातला एक नेहमी पंक्चर. पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं की सरावाला गोलमागं उभं राहून बॉल आणून द्यायचं. मग थोरल्यांचे बूट पुसायचे. मग कधीतरी संध्याकाळी एक माणूस कमी पडायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "ये रे, तू ये." झाली निवड.

1979 च्या जानेवारीत आमच्या थोरल्या गोलरक्षकाला कावीळ झाली. मी 17 वर्षांचा. यादीत बदली म्हणून माझं नाव होतं, ते यादी पुरी दिसावी म्हणून. सामन्याच्या आदल्या रात्री तालमीचे वस्ताद घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "उद्या पोरग्याला द्या." वडील म्हणाले, "न्या की. पण हरला तर घरापर्यंत तुम्हीच आणून सोडा."

सहाव्या मिनिटाला गुडघ्याएवढा, बाळबोध आलेला बॉल माझ्या दोन पायांतून आत गेला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जो हशा उठला तो अजून कानात आहे. आमचा सेंटर हाफ पेशानं सुतार होता. त्यानं जाळ्यातून बॉल काढला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "एक झाला. आता दुसरा धर." आम्ही 2-1 नं हरलो. वस्ताद मला खरंच दारापर्यंत सोडायला आले, आणि जाताना म्हणाले, "गुरुवारी चार वाजता."

गुरुवारी परत मीच. त्या 'गुरुवारी परत'वर माझी पुढची दहा वर्षं उभी आहेत. थोरला बरा होऊन आला तोवर मी पाच सामने खेळलो होतो. तो त्याच्या जागेवर गेला, मी बाकावर. पण आता बाकावर बसलेला मी निराळा होतो. त्यालाही ते कळलं असावं. त्या उन्हाळ्यात त्यानं मला आपणहून कॉर्नरला बाहेर कधी यायचं ते शिकवलं. तोवर कधी शिकवलं नव्हतं.

कुस्तीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चार वर्षं जोर-बैठका मारा, थंडाई प्या, मातीत लोळा. जत्रेत जोड लागल्याशिवाय कुणी पैलवान म्हणत नाही. आणि जोड लावणारा वस्ताद पहिल्या दोन कुस्त्या पोरगं पडणार, हे धरूनच लावतो.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. धाकट्या बहिणीचा मुलगा. तेराव्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या अकादमीच्या निवड चाचणीत निवडला गेला. अकादमीचं नाव लिहीत नाही, कारण दोष एका अकादमीचा नाही, आणि शिकवलं त्यांनी मनापासून. राहायला वसतिगृह, आहाराचा तक्ता, छातीला बांधायचं ते पळण्याचं अंतर मोजणारं यंत्र, सामन्याचं चित्रीकरण. पहिल्या दिवाळीला घरी आला तर चकलीला हात लावीना. आई रडली, बाप खूश झाला. गांधी मैदानावर माझ्याबरोबर बॉल खेळताना म्हणाला, "मामा, बॉल पायात यायच्या आधीच दोन्ही खांद्यांवरून मागं बघायचं असतं." चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे अकादम्या बंद करा असं म्हणणारा म्हातारा मी नव्हे.

पण सतराव्या वर्षापासून गाडी अडली. सराव वर्षाला अडीचशे दिवस. सामने किती? अठराव्या वर्षी त्याला अख्ख्या हंगामात नऊ स्पर्धात्मक सामने मिळाले. मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. त्याच वयात पेठेतला त्याचा मित्र, ज्याला डावा पाय कशाला असतो हे अजून कळलेलं नाही, तो शालेय, कॉलेज, तालमीचा ब संघ आणि गल्लीतल्या फाइव्ह-अ-साइड धरून पन्नासभर सामने खेळला.

एकदा, एकदाच, भाच्याचं नाव पहिल्या संघाच्या अठरा जणांत आलं. सगळं घर मोबाईलला डोळे लावून. 70 व्या मिनिटाला तो रेषेलगत पळून अंग गरम करायला लागला. 80 व्या मिनिटाला त्यानं वरचं जॅकेट काढलं, नडगीचे पॅड नीट केले. संघ 1-0 नं पुढं होता. प्रशिक्षकानं एकदा गुणफलकाकडं बघितलं, सहायकाशी बोलला आणि 31 वर्षांच्या बचावपटूला आत घातलं. भाचा जॅकेट परत चढवून बसला. प्रशिक्षकाला मी नावं ठेवणार नाही. त्याची नोकरी पुढच्या सहा सामन्यांवर होती. आमच्या वस्तादांची नोकरी फुटबॉलवर नव्हती. पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं, हरले तरी साखर विकली जायची. हा फरक लहान नाही.

एकोणिसाव्या वर्षी पत्र आलं. प्रगती समाधानकारक आहे, सध्याच्या योजनेत जागा नाही, संपर्कात राहू. सोबत प्रमाणपत्र. आज तो 21 वर्षांचा आहे, गोकुळ शिरगावला फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला जातो आणि तालमीकडून खेळतो. मूळचा स्ट्रायकर. खेळतो उजव्या बगलेला बचावात. का, ते पुढं येईल.

कुणी म्हणेल, तुमचा भाचा तेवढा चांगला नसेल. असेलही तसं. मामाच्या डोळ्यांवर कोण विसंबणार? पण तो चांगला की वाईट हे ठरवायला लागणारा कागदच कोरा राहिला, त्याचं काय करायचं? शून्य मिनिटांवरून काय ठरतं?

आणि हे एकट्याचं नाही. आपल्या राज्यात पोरं तयार करायची घाई सगळ्यांना झाली, पण त्यांनी ज्या संघात जायचं ते संघच एकेक करून उठून गेले. 2014-15 च्या हंगामात एकट्या पुण्यात वरच्या फळीचे तीन संघ होते: पुणे एफसी, भारत एफसी आणि आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, एफसी पुणे सिटी. डीएसके शिवाजियन्स चौथा, पुढच्याच वर्षी आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये आला, त्याच्या अकादमीला तर लिव्हरपूलचं नाव जोडलेलं. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगचा उपविजेता. त्यांच्या अकादमीचा वीस वर्षांखालील संघ देशात पहिला यायचा. केरळमधल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन त्याच अकादमीतून आला आणि पुढं भारताकडून आशिया चषकात खेळला. कोल्हापुरातून पुण्याला म्हणजे चार-पाच तासांची एसटी. आमच्या पोरांना तेव्हा वाटायचं, दार जवळच आहे.

मग? पुणे एफसी आणि भारत एफसी 2015 ला गेले. शिवाजियन्स 2017 ला. पुणे सिटी 2019 ला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला, आणि आता तोही दिल्लीला हलवलाय. मुंबईत महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, राष्ट्रीय लीग जिंकून पाच वर्षंही झाली नव्हती. मुंबई एफसी 2017 ला. शेजारी गोव्यात पाच वेळा देशाचा विजेता असलेला धेंपो 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंगबरोबर आय-लीगमधून बाहेर पडला. युवा संघ आणि अकादमी मात्र चालू ठेवली.

गेल्या वर्षीचं घ्या. जुलै 2025 मध्ये आयएसएलच लटकली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं जाहीर केलं की पहिल्या संघातल्या खेळाडूंचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार बेमुदत थांबवतोय, युवा संघ आणि मुलांच्या शाळा मात्र चालू राहतील. ती बातमी मी दोनदा वाचली. त्यांची अडचण खरी होती, हेतूही चांगला असेल. पण जिना चालू आणि वरचा मजला बंद, असं ते झालं. मुलांच्या अकादमीला फी येते, पालक येतात, प्रायोजकाला फोटो मिळतो. पहिला संघ नुसता खर्च.

पालकांचाही यात वाटा आहे, तेही लिहितो. आमच्याकडं सकाळी येणाऱ्या तीस पोरांतल्या निम्म्यांच्या बापांचा पहिला प्रश्न असतो, दहावीला वाढीव गुण मिळतात का, आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्क्यांसाठी कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं. त्यांचं चूक म्हणवत नाही. मी स्वतः एसटीच्या कार्यशाळेत लागलो तो खेळावरच. पण प्रमाणपत्राला मिनिटं लागत नाहीत, यादीत नाव असलं की पुरतं.

दार उघडल्यावर काय होतं, हेही आपण डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून हे निव्वळ रडगाणं नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. दिल्लीत आपली पोरं तिन्ही सामने हरली: अमेरिकेकडून 3-0, कोलंबियाकडून 2-1, घानाकडून 4-0. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर डोकं लावलं, तो फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या तीन आठवड्यांत कौतुक झालं, मग सगळे आपापल्या कामाला लागले. नेहमीप्रमाणं ती पोरंही कुठल्यातरी बाकावर विरून गेली असती.

पण भारतीय फुटबॉल महासंघानं त्या वेळी एक काम नीट केलं. इंडियन ॲरोज हा संघ, जो 2010 ला काढून 2013 ला बंद केला होता, तो परत उभा केला आणि यातली बहुतेक पोरं थेट आय-लीगमध्ये मोठ्यांसमोर उतरवली. एकही परदेशी नाही. खालच्या विभागात जायची भीती नाही. नोव्हेंबरमध्ये पहिलाच सामना, चेन्नई सिटीविरुद्ध 3-0 नं जिंकला, आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे. इथं आम्ही सातजण एका मोबाईलभोवती होतो. दुसऱ्या गोलाला आमच्यातल्या एकानं तो मोबाईलच मिसळीच्या कटात पाडला.

पुढं तो संघ मार खात राहिला आणि हंगामाच्या शेवटी तळाला गेला. जाऊ दे. 'अजून तयार नाही' म्हणून कुणाला बसवायची सोयच नव्हती, बसवून घालायचं कुणाला? त्यातले सुरेश वांगजम, जॅक्सन सिंग, राहुल के. पी., अन्वर अली ही नावं आज फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही सांगावी लागत नाहीत. अनिकेत जमशेदपूरला गेला, तिथून हैदराबादला. जानेवारी 2022 मध्ये ईस्ट बंगालला 4-0 हरवलं त्यात ओगबेचे या परदेशी स्ट्रायकरचे तीन गोल आणि एक अनिकेतचा. त्याच मार्चमध्ये हैदराबादनं आयएसएल जिंकली. पुण्याच्या जागी गेलेल्या संघात कोल्हापूरचं पोर विजेतं झालं, हेही एक.

त्याच वर्षी ॲरोज पुन्हा बंद केला. युवकांसाठी वेगळी लीग काढणार म्हणून. युवकांची लीग हवीच, रिलायन्सची डेव्हलपमेंट लीग 2022 पासून चालू आहे तीही चांगली. पण पोरानं पोराविरुद्ध खेळणं वेगळं आणि तिशीतल्या, कोपर कुठं मारायचं हे जाणणाऱ्या सेंटर बॅकविरुद्ध खेळणं वेगळं. ते दुसरं कुठल्याच सरावात शिकवता येत नाही.

आता घरचं. इथं मी माझ्याच लोकांवर बोलणार आहे, तेव्हा पेठेत फिरताना दोन-चार ओळखीचे तोंड फिरवतील. फिरवू देत.

कोल्हापूरचा हंगाम म्हणजे काय हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. दुपारी चारचा सामना, तीनला पायऱ्या भरलेल्या, हलगी, आणि पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं नुसती उच्चारली तरी भांडण होईल अशी ईर्षा. ही ईर्षा आहे म्हणून फुटबॉल इथं टिकला. पुण्या-मुंबईचे कंपन्यांचे संघ मालकाच्या एका सहीनं उठले. तालीम कुणाच्या सहीनं उठत नाही. पण त्याच ईर्षेपायी आता कुठल्याही तालमीला हरायची सोय राहिली नाही. मग काय करतात? पाठीचा कणा बाहेरून आणतात. मधला स्ट्रायकर बाहेरचा, सेंटर बॅक बाहेरचा, कधी गोलरक्षकही. उरलेल्या बगला आपल्या पोरांना. म्हणून माझा भाचा उजव्या बगलेला.

बाहेरच्यांवर माझा राग नाही. आमच्याकडं नायजेरियाचा एक जण दोन हंगाम खेळून गेला. सहा महिन्यांत 'भावा, पास दे की' म्हणायला शिकला, आणि रविवारी सकाळी पोरांना पाठीनं बचावपटूला कसं अडवून धरायचं ते फुकट शिकवायचा. त्याच्याकडून शिकलेलं वापरायला त्या पोरांना जागा मात्र मिळाली नाही, कारण त्या जागेवर तोच होता. किती बाहेरचे घ्यायचे याला नियम असतात, नियमातूनच घेतात. मी नियमावर बोलत नाही. हातात असलेलं आपलं पोर आपण खेळवतो का, यावर बोलतोय.

हेच मोठ्या पडद्यावर बघा. 2014 च्या पहिल्या आयएसएलमध्ये अकरांत भारतीय पाचच लागायचे. 2017 ला सहा झाले, 2021 ला सात. वाढले, चांगलं झालं. पण गोल मारायची जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूकडंच. परिणाम असा की जून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025 मध्ये, 40 वर्षांचा असताना, भारतासाठी परत बोलवावं लागलं. आणि त्या हंगामात आयएसएलमधल्या भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कुणाचे? त्याचेच, 14. छेत्रीला मुजरा. पण एकशे चाळीस कोटींत मधल्या स्ट्रायकरची नऊ नंबरची जर्सी घालायला दुसरा माणूस नाही, असं कसं होईल? माणूस आहे. तो कुठंतरी उजव्या बगलेला खेळतोय आणि दुसऱ्या पाळीला जातोय.

ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 हरून आपण आशिया चषकाच्या बाहेर पडलो, तेव्हा तुमच्यासह सगळ्या पेपरांनी 'तळागाळापासून बदल हवा' असं लिहिलं. तळागाळात पोरं भरपूर आहेत हो. अडचण सतरा ते एकवीस या चार पायऱ्यांची आहे. तिथं जिन्याला कठडा नाही आणि दिवाही नाही.

म्हणून माझी मागणी महासंघाकडं नाही, संघटनेकडं नाही. त्यांना पत्रं लिहून माझं वय झालं. मागणी तुमच्याकडं आहे आणि ती चार ओळींची आहे.

हंगामात तुमचा वार्ताहर रोज स्टेडियमवर असतो. बातमीत गोल येतात, पिवळी-लाल कार्डं येतात, सामनावीर येतो, लढवय्या खेळाडू येतो, पायऱ्यांवर बाटली कुणी भिरकावली तेही येतं. त्याखाली एक बारीक चौकट द्या. दोन्ही संघांत वीस वर्षांच्या आतली पोरं कोण उतरली, वय काय, कुठल्या जागेवर, आणि किती मिनिटं. बस. शेरा नको, कौतुक नको. आज अमुक तालमीकडून शून्य मिनिटं, असं दहा सामने लागोपाठ छापून आलं की पेठेतल्या कट्ट्यावर तेच बोललं जाईल. आमच्याकडं माणूस हरलेलं सोसतो, पण शेजारच्या पेठेपेक्षा आपला आकडा कमी छापून आलेला सोसत नाही. ईर्षा आहेच, ती या कामाला लावा. आणि पुण्या-मुंबईच्या, बाहेरच्या राज्यातल्या अकादम्यांत आपल्या जिल्ह्यातून गेलेली पोरं किती, आणि त्यांतल्या किती जणांना यंदा पहिल्या संघात पाऊल टाकायला मिळालं, हे हंगामाच्या शेवटी एकदा. पुढच्या जूनमध्ये आपलं पोरगं कुठं घालायचं हे ठरवणाऱ्या बापाला आहाराच्या तक्त्यापेक्षा तो आकडा कामाला येईल.

वार्ताहराचं काम वाढेल, हे कळतं. त्याचीही सोय करतो. मी निवृत्त माणूस, डोळे अजून शाबूत आहेत, आणि उत्तरेकडच्या गोलमागं वरून तिसऱ्या पायरीवर गेली वीस वर्षं बसतोय. वही घेऊन बसेन. बदली खेळाडूचा फलक वर झाला की मिनिट लिहीन. वयाचं प्रत्येक तालमीच्या व्यवस्थापकाला विचारून आधीच टिपून ठेवीन. सामना संपल्यावर दहा मिनिटांत कागद तुमच्या माणसाच्या हातात. पैसे नकोत. वहीत माझ्या भाच्याचं नाव येणार नाही, त्याला 21 झाली.

जागा तेवढी ठेवा.

आपला,
एक जुना गोलरक्षक
शिवाजी पेठ, कोल्हापूर

ता. क. : रविवारचं शब्दकोडं क्रीडा पानाच्या मागं छापू नये, ही विनंती.